न झाडलेलं अंगण

लिब्रादा ब्राकामोन्तेच्या अंगणात पान गळायचं तेसुद्धा घाबरत घाबरत. बाई पहाटे उठायची, कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची, बादलीत हात बुडवून अंगणभर सडा शिंपायची आणि झाडू हातात घ्यायची. एर्मोसियो शहराच्या वाळवंटी हवेत सडा वाळायला वेळ लागत नाही, त्यामुळे हातही तसाच चालवावा लागतो. घरापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून मेस्कीतच्या बुंध्यापर्यंत. पाला, वाळक्या शेंगा, पिसं, मुंग्यांनी वर काढलेली माती, सगळं गोळा करायचं आणि भिंतीपलीकडच्या पडीक प्लॉटवर भिरकावून द्यायचं. काम झालं की जमीन अशी दिसायची की तिच्यावर तोर्तियाची कणीक मळून घ्यावी. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे चाललं होतं. आजारपण, लग्नकार्य, सासूचं मरण, कशानेही त्यात खंड पडला नव्हता.

हे वेड तिचं एकटीचं नव्हे बरं का. ती डोंगरातल्या बावियाकोराची, आणि तिकडच्या बायकांची अंगणं अशीच असतात. गवताचं पातं दिसलं तर शेजारीण फाटकातूनच परत फिरते. तिची आई म्हणायची, "अंगणात पान दिसलं की पाहुण्याने समजावं, आत भांडी खरकटी पडलीत." लिब्रादाने हे वाक्य गाठीला बांधलं ते कायमचं. खुर्ची मोडकी असेल, भिंतीचा रंग उडाला असेल, पण अंगणाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

अंगणात झाड एकच, मेस्कीतचं. बारीक पानांचं, काटेरी, पण पसरलं की मांडव घातल्यासारखं. तिच्या नवऱ्याने, नाबोरने, आधी ते झाड पाहिलं, मग त्याच्याखालची जागा घेतली आणि मग लिब्रादाला मागणी घातली. असं तो स्वतःच सांगतो.

"म्हणजे माझा नंबर तिसरा," ती म्हणायची.

"पण सगळ्यात जास्त काटे तुझेच निघाले," तो म्हणायचा.

नाबोरने उभा जन्म शहर-बस चालवली. मग हृदय थकलं, पायांवर सूज यायला लागली आणि डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं. उन्हापासून जपायचं म्हणजे एर्मोसियोत कुठे जायचं? उन्हाळ्यात घराच्या विटा अशा तापतात की अंधार पडल्यावरही भिंतीला पाठ टेकवत नाही. कूलर आहे, पण वीज गेली की तो नुसता शोभेला. म्हणून मे महिना लागला की इथे सगळे करतात तेच ही दोघं करायची. कापडी खाटा बाहेर काढायच्या आणि ऑक्टोबरपर्यंत संसार झाडाखाली. जेवण तिथे, डोमिनोचा डाव तिथे, झोप तिथे. नाबोर तर म्हणायचा की घर हे फक्त खाटा ठेवायची खोली आहे.

आणि एका वर्षी मेस्कीत पानावर आलंच नाही. म्हणजे आलं, पण कसंबसं. मार्च सरला, एप्रिल सरला, वस्तीतली बाकी मेस्कीतं पोपटी होऊन बसली. यांच्या झाडाला मात्र आजाऱ्याच्या दाढीसारखी इकडे चार पानं, तिकडे चार. दक्षिणेकडची मोठी फांदी, जिच्याखाली नाबोरची खाट असायची, ती नुसती काळी काडी. त्या उन्हाळ्यात म्हातारा सावलीचा तुकडा धरायला खाट ओढत ओढत दिवसभर अंगणात फिरला.

ऑगस्टमध्ये मुलगी आली, तिहुआनाहून. आम्पारो तिचं नाव. दातांच्या दवाखान्यात काम करते, समुद्राची गार हवा खाते, चौथ्या मजल्यावर राहते. फाटकातून आत आली ती थेट बापाच्या खाटेशी गेली. डोक्यावर ओला टॉवेल, ओठ निळसर, आणि तरी "मला काही झालेलं नाही" चालूच.

"आमा, हे असं चालायचं नाही," ती आईला म्हणाली. "पुढच्या जूनला मी येणार. झाड पानावर आलेलं असलं तर ठीक. नाहीतर तुम्ही दोघं माझ्याकडे. तिकिटं काढूनच येईन, मग रडारड नको."

"कबूल," लिब्रादा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोरीचं खोटं नव्हतं.

नाबोर एकदा आठवडाभर तिहुआनाला राहून आला होता. खिडकीशी बसून राहायचा आणि रोज सकाळी विचारायचा की आज कोणता वार. आम्पारोची गाडी गेली तेव्हा तो बायकोला एवढंच म्हणाला, "म्हातारे, मला त्या खिडकीत नेऊन ठेवू नकोस." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्याकडे साधी जास्तीची कॉफीसुद्धा मागितली नव्हती. लिब्रादाच्या काळजात ते बसलं ते बसलंच.

ती झाडाच्या मागे हात धुऊन लागली. आता पाण्याची गोष्ट अशी की नळाला पाणी येतं पहाटेचं, तेही करंगळीएवढ्या धारेने, आणि कधी येतच नाही. तिने स्वतःच्या आंघोळीतून काटलं, भांड्यांतून काटलं, आणि भरलेली बादली बुंध्याशी नेऊन ओतली. पाणी बुंध्याला लागलं, क्षणभर थबकलं, आणि गुळगुळीत अंगणावरून सरळ फाटकाकडे निघालं. मेणकापडावरून घरंगळावं तसं. फाटकाखालून रस्त्यावर गेलंसुद्धा. तिने दुसरी बादली ओतली. तीही त्याच वाटेने गेली. वाटेत अडवायला काडी नाही, खडा नाही, काही म्हणजे काही नाही. कसं असेल? तिनेच ठेवलं नव्हतं.

ती कपाळाला हात लावून उभी राहिली. नजर गेली भिंतीपलीकडे. त्या पडीक प्लॉटचा मालक सीमेपलीकडे गेला तो फिरकलाच नव्हता. वर्षानुवर्षं लिब्रादा त्या जागेला उकिरडा म्हणत आली होती, आणि तो उकिरडा केला कुणी ते सोयीस्कर विसरत आली होती. तिथे भिंतीला लागूनच एक मेस्कीत उभं होतं. तरणंताठं, पानांनी गच्च, कुणी थेंबभर पाणी न घातलेलं.

भिंत जिथे पडकी होती तिथून ती पलीकडे गेली. पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुतला. हा तिचाच पाला होता, तिच्याच शेंगा, तिच्याच अंगणातली माती, रोज सकाळी फेकलेली. वरचा थर कोरडा, पण हात खाली घातला तर बोटांना गारवा लागला. सप्टेंबरच्या उन्हात गारवा! तिने मूठभर माती वर काढली. काळी, भुसभुशीत, वास येणारी. असली माती तिने शेवटची पाहिली होती ती बावियाकोराला, नदीकाठच्या शेतात.

आणि मग तिला ती दिसली. त्या मेस्कीतच्या सावलीत, काटेरी झुडपाच्या पोटात लपलेली चिल्तेपीन. आमची रानमिरची, मिऱ्याएवढी, गोल, आणि तिखट अशी की माणसाला देव आठवतो. लाल-हिरव्या दाण्यांनी झुडूप लगडलं होतं. इथे हसावं की रडावं हे लिब्रादाला कळेना. दरवर्षी ती माहेराहून आलेलं बी डब्यांमध्ये लावायची, नवसासारखी जपायची, आणि एक कोंब कधी वर यायचा नाही. बाजारातून चिमूटभर घ्यायची तर जीवावर यायचं, इतकी महाग. आणि इथे, तिच्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर, कुण्या पाखराने खाऊन टाकलेल्या बीची मिरची तिच्याच कचऱ्यावर वाढत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

तिने एक दाणा दाताखाली धरला. डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्या सगळ्याच काही तिखटाच्या नव्हत्या.

घरी येऊन ती नाबोरसमोर उभी राहिली.

"म्हाताऱ्या, झाड आजारी नाही. उपाशी आहे."

"उपाशी?"

"मी त्याच्या तोंडचा घास रोज उचलून शेजारी टाकतेय. आणि पाणी आत शिरायला जागा ठेवलेली नाही."

नाबोरने बराच वेळ विचार केला. बस चालवताना जसा तो घाई करायचा नाही तसा विचारातही करत नसे. मग म्हणाला, "मग इतकी वर्षं कशावर जगलं ते?"

उत्तर दोघांना एकदमच सुचलं. पूर्वी ती धुणं धुवायची ते मागच्या दगडी कुंडीवर, आणि ते पाणी उतारावरून थेट बुंध्याच्या मुळात जायचं. तीन-चार वर्षांपूर्वी मशीन आलं, मशीनची नळी गटाराला जोडली गेली, आणि झाडाचा खुराक बंद झाला. कुणाच्या ध्यानीमनी नाही.

"पोरीला मशीनचं सांगू नकोस," नाबोर म्हणाला. "तिने मोठ्या हौसेने पाठवलंय."

नळी तर तिने त्याच दिवशी गटारातून काढून झाडाकडे वळवली. साबणसुद्धा कुंडीवर वापरायची तोच साधा आणला. पण खरं काम पुढे होतं, आणि ते हाताला नव्हे, मनाला जड होतं. अंगण फोडायला हवं होतं.

शेजारच्या चायोकडून तिने पहार मागून आणली. चायोने आम्पारोला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. कोमाद्रे म्हणजे नातं बहिणीपेक्षा जवळचं, पण बोलायचं अहो-जाहो करून, मग त्या अहो-जाहोत कितीही टोमणे घाला. चायोने स्वतःचं अंगण सिमेंटचं करून घेतलं होतं आणि ती ते वासाचं फिनेल घालून पुसायची.

पहिला घाव घातला तेव्हा पहार टणकन वाजून उलट उडाली. इतक्या वर्षांच्या झाडूने जमीन फरशीसारखी घट्ट झाली होती. चायो भिंतीवरून बघतच होती.

"कोमाद्रे, पुरलेलं सोनं सापडलं तर निम्मं माझं बरं का. पहार माझी आहे."

"सोनं नाही, अक्कल पुरली होती. ती काढतेय."

"मग खोल जावं लागेल तुम्हाला."

नाबोर खाटेवरून सूचना द्यायचा. जरा डावीकडे, जरा उतरतं ठेव, मुळाला लागू देऊ नकोस. लिब्रादा म्हणायची, तोंडाने खणता आलं असतं तर तू एव्हाना विहीर काढली असतीस. रोज थोडं थोडं करत तिने झाडाच्या पसाऱ्याखाली गोल, उथळ आळं केलं. मग दुसरं, फाटकाजवळ, म्हणजे रस्त्याकडे पळणारं पाणी तिथे अडेल. छताची पन्हळ रस्त्यावर सांडायची, तिला पत्र्याचा तुकडा लावून ती आत वळवली.

आणि मग ती गोणी घेऊन पलीकडच्या प्लॉटवर गेली आणि स्वतःचाच कचरा भरून आणायला लागली. पहिली गोणी आळ्यात रिकामी केली तेव्हा चायोच्या हातातली पुसणी खाली पडली.

"लोक कचरा बाहेर टाकतात, कोमाद्रे. तुम्ही आत आणता?"

"माझाच आहे. चोरलेला नाही."

"तुमच्या आई वरून बघत असतील."

हे मात्र लिब्रादाच्या वर्मी लागलं. ती रिकामी गोणी उचलून पुन्हा पलीकडे गेली. वस्तीत कुजबुज झाली ती वेगळीच. कुणी म्हणालं लिब्रादाला चळ लागला, कुणी म्हणालं नवऱ्याच्या काळजीने बाईचं भान सुटलं. पहिल्या दिवशी अंगण न झाडता तिने सकाळ काढली तेव्हा हात नुसते शिवशिवत होते. तिने स्वयंपाकघर झाडलं, परत झाडलं, मग नाबोरचे बूट पुसले, मग चुलीवरची काजळी खरवडली. बाहेर पाल्यावर पान पडल्याचा आवाज आला की तिला अपराध्यासारखं व्हायचं. पिंपातला मासा पाण्याबाहेर काढल्यासारखी ती तडफडली, पण तिने झाडू धरला नाही.

डिसेंबरात एकिपाता आल्या. हा आमचा हिवाळी पाऊस, गडगडाट नाही, वारा नाही, नुसती बारीक भुरभुर, कधी दोन-दोन दिवस चालणारी. इतर वेळी या पावसात फाटकाखालून पाण्याचा ओघळ लागायचा. लिब्रादा डोक्यावर शाल घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि फाटकाकडे बघत राहिली. फाटकाखाली कोरडं होतं. पन्हळीतून धार आळ्यात पडत होती, आळं भरत होतं, वर पालापाचोळा तरंगत होता, आणि मग बघता बघता पाणी खाली जात होतं. पुन्हा भरत होतं, पुन्हा खाली जात होतं.

"नाबोर, बाहेर ये."

तो काठी टेकत आला. दोघं कान देऊन उभी राहिली. पाल्याखालून बारीक आवाज येत होता, बुडबुडल्यासारखा, पुटपुटल्यासारखा. जमीन पाणी पीत होती. इतकी वर्षं तिच्यावर नांदून त्यांनी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. नाबोरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जशी तो चर्चमध्ये शिरताना काढायचा.

"केवढी तहान," तो म्हणाला. "आणि आपल्याला पत्ता नाही."

पुढे जे झालं ते लिब्रादाने केलं नाही, एवढं लक्षात ठेवा. तिने फक्त पलीकडच्या प्लॉटवरून चुपारोसा नावाच्या झुडपाच्या चार फांद्या आणून खोचल्या होत्या, बस. फेब्रुवारीत अंगणावर पोपटी छटा आली. कुणी पेरलं? कुणी नाही. कधीचं बी कुठे कुठे पडून राहिलेलं, काही पाल्याबरोबर आलेलं. तिचा हात सवयीने उपटायला गेला, पण तिने तो मागे घेतला. दोन आठवड्यांत पिवळी फुलं, जांभळी फुलं, नावं ती विसरून गेली होती ती फुलं, लहानपणी बकऱ्यांमागे हिंडताना पाहिलेली. चुपारोसाला लाल नळ्यांसारखी फुलं लागली, आणि त्याच नावाचं पाखरू आलं. अंगठ्याएवढं, गळ्याशी पेटता निखारा, हवेत एका जागी उभं राहून मध पिणारं. पंख दिसतच नाहीत, नुसता घूं आवाज. ते लिब्रादाच्या तोंडासमोर येऊन थांबलं आणि तिला निरखून गेलं. ती श्वास घ्यायची विसरली.

मग माशा आल्या, मधमाशीच्या जातीच्या पण मुंगीएवढ्या, हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या, आणि मोकळ्या मातीत भोकं पाडून राहायला लागल्या. एका भोकातून एक माशी डोकं बाहेर काढून घरधनिणीसारखी बघत बसायची. मग कार्देनाल पक्षी आला, लाल तुऱ्याचा, आणि पाठोपाठ त्याची मातकट बायको. सरडे आले. फुलपाखरं आली ती अशी की सकाळी दार उघडताना लिब्रादा जपून उघडायची, कुणी चिरडायला नको. कुणी यांना बोलावणं धाडलं होतं? कुठून कळलं यांना की ब्राकामोन्तेच्या घरी आता झाडत नाहीत? ती नाबोरला रोज विचारायची आणि तो रोज मान हलवायचा. दोघंही सत्तरीला टेकलेली, नातवंडं असलेली माणसं, पण सकाळी कॉफी घेऊन बसली की जत्रेत आलेल्या पोरांसारखी एकमेकांना बोट दाखवायची.

चायोसुद्धा यायला लागली. पहिल्यांदा आली ती तक्रार घेऊन. तुमच्याकडची पाखरं माझ्या सिमेंटवर घाण करतात, म्हणाली. मग खुर्ची घेऊन बसली. मग दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची घेऊनच आली.

"तक्रार संपली नाही का अजून, कोमाद्रे?"

"मोठी आहे," चायो म्हणाली. "महिना-दोन महिने लागतील."

हे सगळं खरं, पण मेस्कीत?

मेस्कीत उघडंच होतं. मार्च गेला. एप्रिलात वस्तीतली सगळी झाडं हिरवी झाली, पलीकडच्या प्लॉटवरचं तर आधीच झालं होतं. पायाशी एवढा संसार उमलला होता आणि वर काळ्या फांद्या. लिब्रादा रोज एका फांदीची साल नखाने खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं डोळे फसवतायत. सान इसिद्रोला, शेतकऱ्यांच्या संताला, तिने मेणबत्ती लावली आणि खडसावलंही, की तुझ्या नावाने शेतं पिकतात, माझं एक झाड तुला जड झालं का. नाबोर हल्ली झाडाकडे बघायचा नाही. तो खाली बघायचा, फुलांकडे, माशांकडे. त्याने मनातल्या मनात निरोप घ्यायला सुरुवात केली होती हे तिला दिसत होतं.

"झाडं माणसांसारखीच असतात," चायो एका संध्याकाळी म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "म्हातारी झाली की उशिरा ऐकू येतं त्यांना."

मे महिन्यात झाडाने ऐकलं. एका सकाळी पूर्वेकडच्या फांद्यांवर लालसर टिपके दिसले. दुसऱ्या दिवशी ते पोपटी झाले, आणि मग थांबायचं नावच नाही. पूर्वेकडून उत्तरेकडे पालवी चढत गेली, मग पिवळ्या फुलांच्या कणसांसारखे घोस आले आणि माशांचा असा घुमारा उठला की घरात पडलेल्या नाबोरलासुद्धा तो ऐकू आला. लिब्रादा बुंध्याला कपाळ टेकून उभी राहिली आणि ढसाढसा रडली. झाडाला म्हणाली, "माफ कर रे बाबा."

पण दक्षिणेची ती मोठी फांदी, नाबोरची, ती गेली ती गेलीच. निम्मं झाड हिरवं, निम्मं काळं. त्या काळ्या फांदीवर एका सुतारपक्ष्याने लागलीच भोक पाडायला घेतलं. नाबोरची खाट पूर्वेला हलली.

जूनमध्ये आम्पारो आली. तिकिटं पर्समध्ये. फाटकात पाऊल टाकलं आणि ती तिथेच थिजली. गुडघाभर झुडपं, पायाखाली पाला, आणि तिच्या आईचं अंगण कुठे दिसेना.

"आमा, तू आजारी आहेस का? मला कळवलं का नाहीस?"

"ठणठणीत आहे. चपला काढ, आत ये, आणि त्या बाजूने येऊ नकोस, तिथे माशांची घरं आहेत."

आम्पारोने झाडाकडे बघितलं. बराच वेळ. त्यांना इथून हलवायची तिलाही हौस नव्हती, पण तिने आपल्या बापाचे निळे ओठ पाहिले होते.

"अर्धंच आलंय, आमा."

"मग आम्हालाही अर्धंच ने. तुझ्या बापाचे पाय ने, ते तसेही चालत नाहीत."

"मी थट्टा करत नाहीये. आपल्यात ठरलं होतं."

"ठरलं होतं," लिब्रादा म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "ठरलं होतं खरं."

नाबोर मध्ये पडला नाही. दुपार चढत होती. घरात बसवेना म्हणून आम्पारो आईबरोबर पूर्वेकडच्या सावलीत आली. बापाची खाट तिथेच होती, तो डोळे मिटून पडला होता, आणि त्याचे ओठ माणसाच्या ओठांच्या रंगाचे होते. खाली ओलसर पाला, वर पालवी, भोवती झुडपं, आणि बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला असताना इथे अंगाला वारा लागत होता, गार म्हणावा असा. आम्पारोला बोलायचं होतं, तिने वाक्यं जुळवून आणली होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

चुपारोसाच्या आडून एक लावरी बाहेर आली. राखाडी, गुबगुबीत, कपाळावर पुढे झुकलेला तुरा. थांबली, मान वळवून बघितली, घशातल्या घशात काहीतरी म्हणाली. आणि तिच्या मागून पिल्लं निघाली. अक्रोडाएवढी, कालपरवा अंड्यातून निघालेली, पाल्याच्याच रंगाची, एकामागून एक, एकामागून एक, संपेचनात. पाल्यात चोची मारत, अडखळत, एकमेकांवर पडत ती नाबोरच्या खाटेखाली शिरली. लावरा मेस्कीतच्या खालच्या फांदीवर पहाऱ्याला बसला होता.

आम्पारोच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चाळिशी ओलांडलेली बाई, पण आवाज लहान मुलीसारखा झाला.

"मी याच अंगणात वाढले, आमा. रांगले इथे. हे सगळं तेव्हा कुठे होतं?"

लिब्रादा पिल्लांकडेच बघत होती.

"येत असणार, पोरी. रोज येत असणार. मी रोज सकाळी झाडून बाहेर टाकत होते."

नाबोरने मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला आणि बायकोच्या गुडघ्यावर ठेवला.

आम्पारोचा फोन वाजला. तिहुआनाहून तिचा नवरा एफ्राईन होता. खोली तयार केली आहे, दोन खाटा मांडल्या आहेत, किती वाजताच्या गाडीने निघताय, असं विचारत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "नाही, दोघंही येत नाहीयेत." त्याने कारण विचारलं असणार. तिने वाकून खाटेखाली बघितलं. मग म्हणाली, "कसे येतील? घरात बाळंतीण आहे."

फोन ठेवून ती आईच्या खाटेवर सरकून बसली आणि तिने दोन्ही पाय वर घेतले, कारण पिल्लं आता त्याच खाटेखालून निघाली होती.